युरेथ्रोप्लास्टी ‘यशस्वी’ झाली असं नेमकं कधी म्हणायचं?

वाटाड्या_ (धागाकर्ता)

मूत्रमार्गाच्या बल्बर (वृषणकोषामागच्या) भागात स्ट्रिक्चर होतं, म्हणजे व्रणामुळे मार्ग अरुंद झाला होता. आधी दुर्बिणीतून आतून चिरा देऊन पाहिलं, काही महिन्यांत धार पुन्हा बारीक. शेवटी गालाच्या आतलं अस्तर लावून युरेथ्रोप्लास्टी, म्हणजे मूत्रमार्ग दुरुस्त करायचं ऑपरेशन, झाली. कॅथेटर निघाला, डाय घालून काढलेला एक्स-रे चांगला आला, धारही उत्तम आहे. सर्जन म्हणाले, “या ऑपरेशनला नव्वद टक्के यश असतं.”

हा नव्वदचा आकडा मला पचत नाहीये. तो कशाचा? धारेचा, दुर्बिणीतून जे दिसतं त्याचा, की पुन्हा काही करावं लागलं नाही एवढ्याचाच? एक वर्षानंतरचा, की दहा वर्षांनंतरचा? आणि इथून पुढे मी स्वतः काय मोजत राहायचं? “त्रास झाला तर या” असं सांगून घरी पाठवलंय, पण त्रास म्हणजे किती हे कोणी सांगितलं नाही.

ऑपरेशन करावं की नाही यावर आधीच भरपूर चर्चा झालीय, ती इथे नको. झाल्यानंतरचंच बोलू.

खोडसाळ_काका

धार समोर पडते की बुटावर? समोर पडत असेल तर यशस्वी. अभिनंदन, धागा बंद करा.

(थट्टा सोडा. माझं होऊन बरीच वर्षं झाली. सविस्तर लिहितो, आधी जाणकारांना बोलू दे.)

बिनटाका

मी याच विषयात काम करतो. वैयक्तिक सल्ला इथे देत नाही, पण प्रश्न रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रातही त्यावर एकमत नाही, म्हणून लिहितो.

बहुतेक जुन्या शोधनिबंधांत यशाचा निकष एकच असायचा: नंतर काहीही करावं लागलं नाही. डायलेटेशन (मार्ग ताणून रुंद करणं) नाही, चिरा नाही, दुसरं ऑपरेशन नाही. मोजायला सोपा म्हणून तो चालला. पण यात बऱ्याच गोष्टी निसटतात. धार पुन्हा बारीक झालेला माणूस कंटाळून डॉक्टरकडे गेलाच नाही, तर तो यशस्वी. दुसऱ्याच डॉक्टरकडे जाऊन डायलेटेशन करून घेतलं आणि मूळ सर्जनला कळलंच नाही, तोही यशस्वी. काही ठिकाणी तर ऑपरेशननंतरचं एखादं डायलेटेशन अपयशात धरतच नसत. आता दोन केंद्रांचे आकडे शेजारी ठेवून काय तुलना करणार?

दुसरा निकष शारीर रचनेचा. ऑपरेशन झालेल्या जागेतून साधारण १६-१७ फ्रेंच जाडीची लवचिक दुर्बीण जोर न लावता पार गेली तर मार्ग मोकळा, अडली तर स्ट्रिक्चर परत आलं. फ्रेंच हे व्यासाचं माप, ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. म्हणजे १६ फ्रेंच साधारण सव्वापाच मिमी. हा निकष कडक आहे, आणि त्याची दुसरी बाजू अशी की दुर्बीण अडलेल्या कित्येकांना कसलीच तक्रार नसते.

याचं कारण समजून घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. मूत्रमार्ग गरजेपेक्षा बराच रुंद असतो. आतला व्यास कमी होत गेला तरी धार लगेच पडत नाही, कारण मूत्राशयाचा स्नायू जोर वाढवून भरपाई करतो. व्यास साधारण १० फ्रेंचच्या आसपास, म्हणजे साधारण सव्वातीन मिमीपर्यंत आला की मग धार झपाट्याने खाली येते. म्हणजे १५ फ्रेंचवाला माणूस दुर्बिणीच्या हिशेबात नापास आणि स्वतःच्या हिशेबात ठणठणीत. दोघंही आपापल्या जागी खरं सांगतायत.

तिसरा निकष रुग्णाच्या तोंडून येणारा. त्यावर वेगळं लिहीन, हा प्रतिसाद लांबला.

वाटाड्या_

डॉक्टर, खूप आभार. म्हणजे आज माझी धार छान आहे यावरून आतला मार्ग रुंद आहे असं म्हणता येत नाही?

बिनटाका

ठामपणे नाही म्हणता येत. इतकंच म्हणता येतं की तो धोक्याच्या रुंदीच्या वर आहे.

आकडेमोड

मी वैद्यकीय सांख्यिकीत काम करतो, डॉक्टर नाही. नव्वद टक्क्यांच्या प्रश्नावर थोडं.

टक्केवारी दिसली की आधी छेद विचारायचा, म्हणजे ‘कितींपैकी?’ एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० जणांचं ऑपरेशन झालं. पाच वर्षांनी त्यातले ५५ जणच तपासणीला आले, आणि त्या ५५ मधल्या ९ जणांचं स्ट्रिक्चर परत आलेलं आहे. सरळ भागाकार केला तर १०० पैकी ९, म्हणजे ९१ टक्के यश. छेदात फक्त आलेले घेतले तर ५५ पैकी ९, यश जेमतेम ८४ टक्के. तेच लोक, तेच ऑपरेशन. पहिल्या हिशेबात जे ४५ जण परीक्षेला बसलेच नाहीत त्यांनाही पास केलेलं आहे.

मग दुसरा हिशेब खरा का? तोही नाही. न आलेले सगळे बरे असतील म्हणून आले नसतील, किंवा सगळे वैतागून दुसरीकडे गेले असतील. कोण का आलं नाही हे कळल्याशिवाय छेद ठरत नाही. दूरच्या वर्षांत तर उलटा घोळही होतो: ज्याला तक्रार आहे तोच चिकाटीने येत राहतो, म्हणून ‘आलेले’ हा गटच आजारी लोकांकडे झुकतो.

यावर वापरायची रीत म्हणजे कापलान-मायर आलेख. प्रत्येक माणूस जितका काळ नजरेखाली होता तितकाच मोजायचा, नंतर त्याला हिशेबातून बाहेर काढायचं. वाचताना आलेखाच्या उजव्या टोकाला किती माणसं उरलीत ते बघा. पंधराव्या वर्षी मूठभर लोक उरले असतील तर एकाचं स्ट्रिक्चर परत आलं तरी रेघ धाडकन खाली येते. ही रीतही एक गृहीत धरूनच चालते की सोडून गेलेल्यांचं नशीब राहिलेल्यांसारखंच असेल. वर म्हटलं तसं, ते इथे बरेचदा खरं नसतं.

आता खरे आकडे. लंडनच्या अँड्रिच, मुंडी वगैरे मंडळींनी २००३ साली दीर्घकालीन निकाल मांडले होते. खराब तुकडा काढून दोन टोकं जोडलेल्या गटात पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ५ वर्षांनी १२ टक्के, १० वर्षांनी १३, १५ वर्षांनी १४. दुसरीकडची त्वचा किंवा ऊती लावून मार्ग रुंद केलेल्या गटात ५ वर्षांनी २१, १० वर्षांनी ३१ आणि १५ वर्षांनी ५८.

पहिल्या गटात जे बिघडायचं ते सुरुवातीलाच बिघडलं आणि नंतर रेघ जवळपास आडवी. दुसऱ्यात रेघ थांबतच नाही. त्या गटाला एक वर्षाने तपासलं असतं तर अपयश १२ टक्के दिसलं असतं आणि सगळे खूश झाले असते. म्हणून ‘किती टक्के’च्या आधी ‘किती वर्षांनी’ विचारा.

वाटाड्या_

५८ टक्के??? माझं तर अस्तर लावूनच झालंय!

बिनटाका

थांबा, घाबरू नका. त्या मालिकेतली ऑपरेशनं जुन्या काळातली आहेत, तेव्हा लिंगाची किंवा वृषणकोषाची त्वचा बरीच वापरली जायची. गालाच्या आतलं अस्तर १९९० च्या दशकात सगळीकडे रुळलं. ते मुळातच ओलं राहणारं, जाड थराचं, केस नसलेलं असतं आणि चांगलं रुजतं. त्वचेचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका. शिवाय तुमचं बल्बर भागातलं आहे, तिथे ग्राफ्टला (लावलेल्या अस्तराच्या तुकड्याला) खालून-वरून रक्तपुरवठा चांगला मिळतो. लिंगाच्या भागातली लांब स्ट्रिक्चरं वेगळी गोष्ट आहे.

पण आकडेमोड यांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. ग्राफ्टचं ऑपरेशन असेल तर दोन वर्षांनी वही मिटायची नसते.

मोगरी

सगळेजण धारेवरच बोलताय. माझ्या नवऱ्याचं हेच ऑपरेशन झालं. धार उत्तम, दुर्बीण उत्तम, कागदावर शंभर टक्के यश. घरी मात्र ते जवळ यायला टाळू लागले. डॉक्टरांना विचारायला त्यांना संकोच, आणि डॉक्टरांनी आपणहून विचारलं नाही. शेवटी तपासणीच्या वेळी मीच सोबत आत गेले आणि मीच विचारलं.

हे यशाच्या व्याख्येत कुठे बसतं?

बिनटाका

मोगरीताई, बसायलाच हवं, आणि अनेक ठिकाणी अजूनही बसत नाही हे खरं आहे.

बल्बर भागातल्या ऑपरेशननंतर ताठरपणा कमी झाल्याची तक्रार पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांना असते. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात पूर्वीसारखं होतं. कायमचा नवा दोष राहणं क्वचित घडतं. पण हे सांगायचं तर ऑपरेशनच्या आधी कसं होतं याची नोंद हवी. त्यासाठी पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, आयआयईएफ-५ नावाची, २५ पैकी गुण. आधी भरून घेतलीच नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार? ऑपरेशनपूर्वी ती न भरून घेणं हा माझ्या मते आमच्याकडचा मोठा आळस आहे.

ताठरपणाखेरीज वीर्यपतन जोरात न होणं, लिंगाला बाक येणं, टोकाशी बधिरपणा, लांबी कमी वाटणं हेही विचारावं लागतं. बल्बर भागाभोवतीचा स्नायू मार्गातलं शेवटचं थेंबभर पुढे ढकलतो. ऑपरेशनमध्ये त्याला धक्का लागला किंवा ग्राफ्टची जागा थोडी फुगीर राहिली तर लघवी झाल्यावर कपड्यात थेंब गळतात. धार ३० मिलि प्रति सेकंद असली तरी पँटवर डाग पडणाऱ्या माणसाला आपण बरे झालो असं वाटत नाही. (उपाय साधा आहे: वृषणकोषामागच्या जागेवर बोटांनी मागून पुढे दाब देत मार्ग निथळून घ्यायचा.)

आणि तोंड! ज्या गालातून अस्तर घेतलं तिथे बधिरपणा, तोंड पूर्ण उघडताना ओढ. बहुतेकांचं काही महिन्यांत जातं, पण ते विचारायला हवं.

चाकावरचा

मी वेगळ्या गटातला. अपघातात ओटीपोटाचं हाड मोडलं, त्यात मूत्रमार्ग मागच्या बाजूला तुटला. काही महिने पोटातून नळी, मग मार्ग जोडायचं ऑपरेशन.

मला कोणी यश विचारलं तर पहिलं उत्तर ‘पोटातली नळी गेली’. दुसरं उत्तर ‘लघवी धरून ठेवता येते’. धार किती आहे हे मी कधी मोजलंही नाही. ताठरपणाची अडचण अपघातापासूनच आहे, ऑपरेशनने आली नाही. पण निबंध लिहिणाऱ्याने नंतर मला प्रश्नावली दिली तर ती अडचण ऑपरेशनच्याच खात्यावर पडेल ना?

बिनटाका

अगदी बरोबर ओळखलंत. अशा दुखापतीत नसा आणि रक्तवाहिन्या अपघातातच दुखावलेल्या असतात. म्हणूनच ऑपरेशनच्या आधीची नोंद नसेल तर दोष कोणाचा हे ठरत नाही. आणि मागच्या भागातल्या जोडणीत लघवीवरचा ताबा हा यशाचा मुख्य भाग. पुढच्या भागातल्या स्ट्रिक्चरमध्ये तो सहसा प्रश्नच नसतो. एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळे आजार मोजतोय.

तिसरा_डाव

मला लायकेन स्क्लेरोसस, हा त्वचेचा आजार. पांढरे चट्टे टोकापासून सुरू होऊन आत सरकत गेले. ऑपरेशनं झाली, टप्प्याटप्प्यानेही झाली. (टप्प्याच्या ऑपरेशनचा दुसरा टप्पा काही लोक ‘पुन्हा करावं लागलं’मध्ये मोजतात, तो ठरलेलाच असतो, हे इथे नोंदवून ठेवतो.) मूळ आजार जात नाही, म्हणून माझ्या बाबतीत ‘कायमचं बरं’ हा शब्द कोणी वापरलाच नाही.

शेवटी वृषणकोषाच्या मागे लघवीचं तोंड काढून दिलं, पेरिनियल युरेथ्रोस्टोमी. बसून लघवी करतो. पुस्तकी हिशेबात हा शरणागतीचा पर्याय वाटत असेल. मला विचाराल तर सगळ्यांत समाधानाचा निर्णय हाच. तपासणी चालूच आहे, कारण या आजारात त्वचेवर कायम लक्ष ठेवावं लागतं, लहान का होईना पण कर्करोगाचा धोका असतो.

तेव्हा मार्ग पूर्ववत झाला का, हा एकच प्रश्न विचारू नका.

मोगरी

तिसरा_डाव, हे इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

नको_रे_बाबा

मला एक सांगा. कसलाही त्रास नसताना दर वेळी दुर्बीण का घालून घ्यायची? जेल लावलं तरी ती काही सुखाची गोष्ट नाही. घालताना इजा झाली तर? आणि त्यात काही अरुंद दिसलं पण मला त्रासच नाही, तर डॉक्टर काय करणार? काहीच नाही. मग बघायचं कशाला?

बिनटाका

दोन कारणं. पहिलं, ऑपरेशननंतर जे बिघडतं त्यातलं बरंचसं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बिघडतं. म्हणून अनेक केंद्रं साधारण तीन महिन्यांनी आणि वर्षाने एकदा आत बघतात. लवकर दिसलेल्या जागेवर निदान नजर तरी ठेवता येते. दुसरं, त्रास नसलेला अरुंदपणा सगळ्यांचा तसाच राहत नाही. काहींचा पुढे वाढतो, आणि सवय झालेल्या माणसाला ते उशिरा कळतं. मूत्राशय जोर लावत राहतो, शिल्लक लघवी वाढते, जंतुसंसर्ग सुरू होतात.

पण तुमचा आक्षेप हास्यास्पद नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक सूचनाही लक्षणं देणारं स्ट्रिक्चर परत येतंय का यावर लक्ष ठेवा असंच म्हणते. त्रास नसलेल्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं दुर्बीण घाला असं त्यात नाही.

आकडेमोड

मला वाटतं इथे दोन वेगळे हेतू एकमेकांत गुंतलेत. ‘अ’ पद्धत चांगली की ‘ब’ हे ठरवायचं असेल तर सगळ्यांना, ठरलेल्या वेळी, एकाच मापाची दुर्बीण घालावी लागेल. नाहीतर जो सर्जन कमी शोधेल त्याचे निकाल चांगले दिसतील! हे विज्ञानासाठी. नको_रे_बाबा यांच्या स्वतःच्या भल्यासाठी मात्र तितकी तपासणी लागेलच असं नाही. पहिल्या कारणासाठी होत असलेली तपासणी दुसऱ्या कारणाच्या नावाखाली गळी उतरवू नये. रुग्णाला स्पष्ट सांगावं आणि विचारावं.

नको_रे_बाबा

हे पटलं. पण पहिल्या वर्षानंतरची दुर्बीण मी तरी टाळणार.

बिनटाका

ग्राफ्ट लांब असेल, लायकेन असेल, आधी ऑपरेशन फसलं असेल तर टाळू नका. साधं छोटं बल्बर असेल आणि पहिल्या दोन्ही तपासण्या स्वच्छ असतील तर मी तुमच्याशी भांडणार नाही.

खोडसाळ_काका

आता माझं ऐका. माझी धार मधली काही वर्षं झकास होती, मग हळूहळू बारीक व्हायला लागली. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, स्ट्रिक्चर परत आलं. मीही मनाची तयारी केली. दुर्बीण घातली तर ऑपरेशनची जागा मोकळी, दुर्बीण सरळ पुढे गेली आणि पुढे बघतात तर प्रोस्टेट फुगलेली. वय झालं, दुसरं काय!

सांगायचा मुद्दा असा की नुसत्या धारेवर निकाल देऊ नका, आनंदाचाही आणि दुःखाचाही.

बिनटाका

काकांनी मोठा विषय हलक्या हाताने सांगितला. युरोफ्लो (यंत्रात लघवी करून धारेचा वेग मोजणं) हे स्वस्त आणि विनात्रास साधन आहे, पण ते फक्त ‘किती वेगाने बाहेर आलं’ सांगतं, ‘का’ ते सांगत नाही. म्हणून आकड्यापेक्षा आलेखाचा आकार बघा. स्ट्रिक्चरमध्ये रेघ थोडी वर चढते आणि मग सपाट पठारासारखी लांबत जाते. प्रोस्टेटमध्ये किंवा मूत्राशय थकलेला असेल तर आकार सहसा वेगळा असतो. लघवी १५० मिलिच्या खाली असेल तर त्या चाचणीवर फार विसंबू नका.

कमाल वेग १५ मिलि प्रति सेकंदाच्या खाली गेला की शंका घ्यायची, असा सर्वसाधारण नियम आहे. पण माझ्या मते त्याहून उपयोगी आहे तो स्वतःशी केलेला हिशेब. ऑपरेशनआधी ६ होता, नंतर २८ झाला, आता १७. नियमाप्रमाणे १७ ‘ठीक’. मी मात्र या माणसाला बोलावून घेईन. उलट एखाद्याचा पहिल्यापासून १६ आहे आणि तिथेच टिकलाय, त्याच्या मागे मी लागणार नाही.

वाटाड्या_

आणि तो तिसरा निकष राहिला, रुग्णाच्या तोंडचा.

बिनटाका

हो. पूर्वी यासाठी आयपीएसएस वापरत, सात प्रश्न, ३५ पैकी गुण. पण ती प्रश्नावली प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी बनलेली. धार फाटणं, दोन धारा पडणं, नंतर थेंब गळणं हे तीत येतच नाही, आणि स्ट्रिक्चरवाल्यांची बरीच गाऱ्हाणी तीच असतात. २०११ मध्ये जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी खास मूत्रमार्गाच्या ऑपरेशनसाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली, यूएसएस-प्रॉम. लघवीच्या तक्रारींचे सहा प्रश्न, शून्य ते २४ गुण. धारेची चार चित्रं, त्यातलं आपलं निवडायचं. तक्रारींचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते. आणि एकूण तब्येतीबद्दलचा भाग. मला ती चित्रं फार आवडतात. शब्दांत न सांगणारा माणूसही बोट ठेवतो.

उणीव एवढीच की तीत लैंगिक बाजू नाही. ती वेगळ्या प्रश्नावलीने भरून काढावी लागते. मोगरीताईंचा प्रश्न तिथेही राहिलाच.

आकडेमोड

या प्रश्नावलीची ताकद आणि मर्यादा दोन्ही ब्रिटनमधल्या ‘ओपन’ चाचणीत दिसतात. परत आलेल्या बल्बर स्ट्रिक्चरच्या २२२ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एकाला युरेथ्रोप्लास्टी, दुसऱ्याला दुर्बिणीतून चिरा. २०२० मध्ये निकाल आले. २४ महिन्यांच्या काळात लक्षणांच्या गुणांत दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही, दोघांनाही बरं वाटलं. मात्र पुन्हा काही करावं लागण्याचं प्रमाण युरेथ्रोप्लास्टीच्या गटात जवळपास निम्मं.

यावर एकजण म्हणेल, बघा, दोन्ही सारखंच. दुसरा म्हणेल, बघा, युरेथ्रोप्लास्टी सरस. दोघंही एकाच निबंधाकडे बोट दाखवतील. खाचाखोचा बघा: चिरा दिलेल्या गटात ज्याची धार पुन्हा बारीक झाली त्याला पुन्हा उपचार मिळाला, त्याचे गुण पुन्हा सुधारले. म्हणजे गुण सारखे राहिले त्यात त्या जास्तीच्या उपचारांचाही हात आहे. आणि २४ महिने म्हणजे आपल्या या धाग्याच्या हिशेबात फारच थोडे.

नको_रे_बाबा

म्हणजे दोन वर्षांत एकदा चिरा मारून घ्यायची माझी तयारी असेल तर माझ्यासाठी दोन्ही सारखं?

आकडेमोड

त्या दोन वर्षांपुरतं, लक्षणांच्या गुणांपुरतं, कदाचित. ती तयारी आहे की नाही हे मात्र तुम्हीच सांगू शकता. आणि २०१० च्या एका निबंधात तर कडक निकष लावल्यावर पहिल्या चिऱ्यानंतर स्ट्रिक्चरमुक्त राहिलेले १०० मागे फक्त ८ निघाले होते, हेही तराजूत ठेवा. वारंवार चिरे दिल्याने व्रण वाढतो का, हे डॉक्टरांना विचारा.

बिनटाका

वाढतो. पुढचं ऑपरेशन अवघड होऊ शकतं. धागाकर्त्यांनी तो विषय नको म्हटलंय, म्हणून थांबतो.

वाटाड्या_

मग आता माझी वही कशी असावी? घरी युरोफ्लोचं यंत्र नाही.

बिनटाका

मापाचा मग आणि घड्याळ पुरेसं आहे. मूत्राशय व्यवस्थित भरल्यावर किती मिलि झाली आणि किती सेकंद लागले. ३०० मिलिला २० सेकंद म्हणजे सरासरी १५. लक्षात घ्या, ही सरासरी आहे. दवाखान्यातला आकडा कमाल वेगाचा असतो, तो जास्तच येणार, दोन्ही एकमेकांशी ताडू नका. महिन्यातून एखाद्या वेळी पुरे. रोज मोजाल तर रोजच्या चढउतारांनीच हैराण व्हाल. सलग काही नोंदी उतरत्या दिसल्या की दाखवायला जा.

सोबत या गोष्टी लिहा: जोर लावावा लागतो का, धार फाटते का, झाल्यावर पुन्हा जावंसं वाटतं का, जंतुसंसर्ग झाला का. ताठरपणाचं आणि वीर्याचं एक वाक्य. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्ण अडली तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना.

खोडसाळ_काका

आणि मोजमाप संपल्यावर मग वेगळा ठेवा, घरच्यांचा रोष ओढवून घेऊ नका.

मोगरी

काका!! 😄

पण वाटाड्या_, बायको असेल तर ते एक वाक्य तिला विचारून लिहा. दोघांचं उत्तर जुळेलच असं नाही.

वाटाड्या_

लिहितो. शेवटचा प्रश्न, सर्जनकडून कोणते कागद मागून घ्यायचे?

बिनटाका

ऑपरेशनची टिपणी. त्यात स्ट्रिक्चर कुठे होतं, किती लांब होतं, कारण काय धरलं, कोणत्या प्रकारची जोडणी केली, ग्राफ्ट कुठला आणि कोणत्या बाजूला लावला. कॅथेटर काढतानाचा एक्स-रे. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा युरोफ्लो, आलेखासकट, नुसता आकडा नको. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जाल तेव्हा याच कागदांवरून तो तुमचं आजचं ‘यश’ कशाशी ताडायचं ते ठरवेल.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांना कोणी सांगत नाही. पुढे कधी हृदयाचं, गुडघ्याचं, कसलंही ऑपरेशन ठरलं आणि कॅथेटर घालायची वेळ आली, तर मूत्रमार्गाचं ऑपरेशन झालंय हे आधीच सांगा. लहान मापाचा, भरपूर जेल लावून, सरावलेल्या हाताने घालू द्या, आणि अडला तर जोर न लावता मूत्रविकारतज्ज्ञाला बोलवायला सांगा.